सबुरी

हजला निघालेला माणूस आधी आपल्या आळीत फिरतो. सामान बांधून झालेले असते, विमानाची तारीख ठरलेली असते. तरीही तो एकेका दारात थांबतो आणि ‘कहासुना माफ करा’ एवढेच म्हणतो. आजवरच्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल, नकळत मन दुखावले असेल, तर ते पोटात घाला, असा त्या शब्दांचा अर्थ. महाराष्ट्रातील गावांत हा निरोप मुसलमान वस्तीपुरता राहत नाही. शेजारचा शेतकरी, समोरचा दुकानदार, शाळेतले निवृत्त गुरुजी अशा सर्वांकडे तो जाऊन येतो. देणे फेडायचे, उसने आणलेले परत करायचे, मागे राहणाऱ्यांच्या पोटापाण्याची तजवीज करायची आणि मगच उंबरठा ओलांडायचा, अशी ही रीत आहे. यांतले सर्वांत अवघड दार असते ते ज्याच्याशी बांधावरून किंवा भिंतीवरून वर्षानुवर्षे अबोला आहे त्याचे. तेथवरचे अंतर कितीतरी जणांना मक्केच्या वाटेहूनही लांब वाटते.

हज हा इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एक. ज्याच्या अंगात बळ आहे आणि ज्याची ऐपत आहे, त्याने आयुष्यात एकदा तरी ही यात्रा करावी, असा दंडक आहे. ऐपत हा शब्द लिहायला सोपा आहे. शिवणयंत्रावर, होडीवर किंवा गाड्याच्या स्टेअरिंगवर आयुष्य काढलेल्या माणसाला ती ऐपत यायला तीस-तीस वर्षे लागतात. मुलांची शिक्षणे होतात, मुलींची लग्ने होतात, घराचे छप्पर बदलून होते आणि मग उरलेल्या पैशांत हजचा विचार सुरू होतो. त्यातही पैसे साठले म्हणजे जाता येते असे नाही. प्रत्येक देशाला जागा ठरवून दिलेल्या असतात. २०२४ साली भारताच्या वाट्याला १,७५,०२५ जागा आल्या होत्या. मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय हज समिती अर्ज मागवते आणि अर्ज जागांहून अधिक झाले की सोडत काढते. एका वर्षी नाव लागले नाही, तर माणूस पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरतो. अखेर नाव लागते तेव्हा अनेकांचे गुडघे दुखू लागलेले असतात.

ही प्रतीक्षा ध्यानात घेतल्याशिवाय हजच्या गर्दीचा स्वभाव कळणार नाही. तेथे रेटा देणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो, आतुर असतो. ज्या वास्तूकडे तोंड करून त्याने जन्मभर नमाज पढला, ती आता त्याच्यापासून पन्नास पावलांवर असते. पुन्हा येणे होईल की नाही, याची शाश्वती नसते. अशा वेळी समोरच्या माणसाची पाठ त्याला अडथळ्यासारखी दिसू लागते. रागाने दिलेला धक्का माणसाला आपला आपल्यालाच कळतो. भक्तीने दिलेला धक्का कळत नाही, आणि म्हणून तो अधिक घातक. अरबी भाषेत धीर धरण्याला ‘सब्र’ म्हणतात. तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि ‘सबुरी’ होऊन आपल्या घराघरांत नांदू लागला. घाईवर आलेल्या मुलाला ‘जरा सबुरीने घे’ असे सांगणाऱ्या आजीला आपण अरबी शब्द बोलतो आहोत, याची जाणीवही नसते. हजमध्ये या शब्दाची परीक्षा होते.

परीक्षेची सुरुवात इहरामपासून. मक्केच्या चारही दिशांना काही ठिकाणे ठरलेली आहेत. ती ओलांडण्यापूर्वी यात्रेकरू स्नान करून, मनाशी संकल्प करून इहराम धारण करतो. पुरुषांसाठी न शिवलेली दोन पांढरी वस्त्रे. स्त्रियांसाठी नेहमीचाच अंग झाकणारा साधा वेष. त्या क्षणापासून काही गोष्टी वर्ज्य होतात. केस किंवा नखे कापायची नाहीत, सुगंध लावायचा नाही, रानातल्या प्राण्याची शिकार करायची नाही. मक्केभोवतीच्या पवित्र क्षेत्रात आपोआप उगवलेले झाड तोडणेही निषिद्ध आहे. आणि याच नियमांच्या रांगेत कुराणाने आणखी एक नियम घातला आहे : हजच्या काळात अश्लील बोलणे, दुराचार आणि भांडणतंटा यांना थारा नाही. भांडणाला मनाई करताना ते कोणाचे रास्त आणि कोणाचे गैर, याची चौकशी धर्मग्रंथ करीत नाही. आपली बाजू खरी असली तरी हुज्जत घालायची नाही. सुगंध न लावणे सोपे आहे, नखे चार दिवस वाढू देणेही सोपे आहे. पण आपले खरे असताना गप्प बसणे फार थोड्यांना जमते. ज्याला पानही खुडण्याची मुभा नाही, त्याने माणसाच्या बरगडीत कोपर मारावे, ही विसंगती इहरामच्या पांढऱ्या वस्त्रात अधिकच उठून दिसते.

पूर्वी या संयमाची तालीम वाटेतच होत असे. मुंबई बंदरातून हजला जहाजे जात. गावोगावचे यात्रेकरू आधी मुंबईच्या मुसाफिरखान्यात येऊन उतरत आणि जहाजाची वाट पाहत. मग कित्येक दिवसांचा समुद्रप्रवास. डेकवर हातभर जागेत पथारी, पाण्यासाठी रांग, उलट्यांनी हैराण झालेला शेजारी आणि त्याचे पोर सांभाळणारी कोणीतरी अनोळखी बाई. जेद्दा दिसेपर्यंत माणसे एकमेकांना सरावलेली असत. १९९५ साली भारतातून होणारी ही जलयात्रा थांबली. आता मुंबईहून निघालेले विमान साधारण पाच तासांत जेद्दाला पोहोचते. सोय झाली यात शंका नाही, वृद्धांचे हाल वाचले. परंतु जी सबुरी पूर्वी डेकवर शिकायला मिळे, ती आता घरूनच बांधून न्यावी लागते. विमानातील पाच तासांत माणूस कोणाला सरावत नाही, फार तर डुलकी काढतो.

मक्केत पोहोचल्यावर पहिला विधी तवाफ, म्हणजे काबागृहाभोवती सात प्रदक्षिणा. काबागृह डाव्या हाताला ठेवून हा प्रवाह अहोरात्र फिरत असतो. प्रदक्षिणेचा आरंभ आणि शेवट ज्या कोपऱ्यापाशी होतो, तेथे चांदीच्या कोंदणात हजरे अस्वद हा काळा पाषाण बसवलेला आहे. मुहम्मद पैगंबरांनी त्याचे चुंबन घेतले होते, म्हणून प्रत्येकाला ते घ्यावेसे वाटते. प्रवाहाची सर्वांत दाट, सर्वांत बेशिस्त जागा तीच. दुरून पाहणाऱ्याला वाटते, एखाद्या भोवऱ्याला त्या कोपऱ्यावर गाठ पडली आहे. बळकट तरुण खांदे पुढे काढून घुसतात. परतताना प्रवाहाच्या उलट दिशेने बाहेर पडतात. मध्ये सापडलेल्या म्हाताऱ्यांचा श्वास कोंडतो.

यातील खेदाची बाब ही की धर्मशास्त्राने त्या पाषाणाला स्पर्श करणे कधीच अनिवार्य केलेले नाही. ते केले तर पुण्य आहे, न केले तर हजमध्ये काही उणे राहत नाही. दुसऱ्याला इजा न करणे मात्र ऐच्छिक नाही. जे केले नाही तरी चालेल ते मिळविण्यासाठी, जे करूच नये ते करायचे, असा हा उफराटा व्यवहार आहे. परंपरेत याविषयी स्पष्ट दाखले आहेत. स्वतः पैगंबरांनी उंटावर बसून तवाफ केला, तेव्हा हातातील आकड्याच्या काठीने त्या पाषाणाकडे निर्देश केला. हजरत उमर हे अंगापिंडाने धिप्पाड होते. त्यांना पैगंबरांनी बजावल्याची कथा सांगितली जाते : तुम्ही ताकदवान आहात, तेथे गर्दी करून दुबळ्यांना त्रास देऊ नका, जागा मिळाली तर स्पर्श करा, नाहीतर तोंड तिकडे करून अल्लाहचे नाव घ्या आणि पुढे चला. याच उमर यांनी पुढे चुंबन घेताना उघडपणे म्हटले होते की, हा एक दगड आहे, तो कोणाचे भले करीत नाही की वाईट करीत नाही; पैगंबरांना चुंबन घेताना पाहिले नसते, तर आपणही ते घेतले नसते. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा पुरुषांच्या घोळक्यापासून अंतर राखून प्रदक्षिणा घालीत. बरोबरच्या एका स्त्रीने पाषाणाला हात लावण्यासाठी पुढे जाऊ या असे सुचविले, तेव्हा त्यांनी नकार दिला. हे दाखले हज शिकविणाऱ्या पुस्तिकांत असतात, निघण्यापूर्वीच्या शिबिरांत सांगितलेही जातात. शिबिरात माना डोलतात. काबागृहासमोर उभे राहिल्यावर त्या डोलल्या माना आठवणे, हेच कठीण.

लांबून हात उंचावणे पुरते. प्रदक्षिणेच्या वरच्या मजल्यांवरून, चाकांच्या खुर्चीतून, गर्दीच्या बाहेरच्या कडेवरून दर फेरीला हजारो हात त्या कोपऱ्याच्या दिशेने वर होतात आणि खाली येतात. बाहेरून फिरणाऱ्याची वाट लांब होते, पाय अधिक चालतात. पण त्याला कोणाला ढकलावे लागत नाही आणि त्याच्या तोंडची प्रार्थना मध्येच तुटत नाही.

तवाफनंतर सई. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा, एकूण सुमारे तीन किलोमीटरची चाल. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत हजरत हाजरा ज्या वाटेने धावल्या, तिची ही आठवण. आता ही वाट संगमरवरी, छताखालची आणि थंडगार आहे. तिच्या एका भागात हिरवे दिवे लावलेले आहेत. तेवढ्याच टप्प्यात पुरुषांनी झपझप चालायचे. बाकीची वाट नेहमीच्या चालीने. एका आईच्या सैरभैर धावण्याच्या स्मृतीतही घाईला असे मोजून-मापून कोपरा दिला आहे. गंमत अशी की, धावली ती स्त्री आणि आजच्या स्त्रियांना त्या टप्प्यातही धावायला सांगितलेले नाही.

हजचा गाभा म्हणजे जिल्हिज्ज महिन्याची नववी तारीख. आदल्या दिवशी मीनाच्या खोऱ्यात मुक्काम करून सारे यात्रेकरू या दिवशी अरफातच्या मैदानावर येतात. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत तेथे उभे राहायचे, बसायचे, प्रार्थना करायची, क्षमा मागायची. तेथे कोठे पोहोचण्याची घाई नसते, म्हणून इतक्या मोठ्या जमावातही एक विलक्षण निवांतपणा असतो. सूर्य मावळतो आणि चित्र पालटते. पंधरा-वीस लाख माणसे जवळजवळ एकाच वेळी मुझदलिफाकडे निघतात. २०१२ साली हा आकडा एकतीस लाखांवर गेला होता. बस, रेल्वे, पायी. सगळ्या वाटा एकदम भरतात.

इसवी सन ६३२ मध्ये मुहम्मद पैगंबरांनी केलेला हज हा त्यांचा अखेरचा. त्या संध्याकाळीही अरफातहून निघताना अशीच धांदल उडाली होती. ते आपल्या कसवा नावाच्या सांडणीवर होते. त्यांनी तिचा लगाम इतका आवळून धरला की तिचे डोके खोगिराला टेकू लागले. आणि उजव्या हाताने खुणा करीत ते लोकांना सावकाश, शांतपणे चालण्यास सांगत राहिले. उंट पळविण्यात पुण्य नाही, असे त्यांनी समजावले. मात्र वाटेत वाळूचा उंचवटा आला की ते लगाम थोडा सैल सोडत, म्हणजे जनावराला चढणे सोपे जावे. पुढे मोकळी जागा दिसली की वेगही वाढवीत. हा बारकावा मोलाचा आहे. शांतपणे चालणे म्हणजे रेंगाळणे नव्हे. पुढची वाट मोकळी असताना मध्येच थांबून छायाचित्रे काढणारा माणूस मागच्यांना तितकाच जाच करतो, जितका ढकलणारा पुढच्यांना. वेगाचा अंदाज आजूबाजूच्या माणसांवरून घ्यायचा आणि त्यात मुके जनावरही धरायचे, असा तो आदर्श होता.

मुझदलिफाची रात्र उघड्या आभाळाखाली काढायची असते. तेथेही दुबळ्यांसाठी सवलत पहिल्यापासून आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत सौदा शरीराने जड आणि चालीने मंद होत्या. पहाटेच्या लोंढ्याआधी रात्रीच मीनाकडे निघण्याची परवानगी त्यांनी मागितली आणि ती त्यांना तत्काळ मिळाली. आपणही तशी परवानगी मागितली असती तर बरे झाले असते, असे पुढे हजरत आयेशांना वाटत असे. दुसऱ्या दिवशी मीना येथे लोक घाबरेघुबरे होऊन पैगंबरांकडे येत होते. कोणी कुर्बानीच्या आधीच मुंडण केले होते, कोणी खडे मारण्याआधीच कुर्बानी उरकली होती. क्रम चुकला, आता हज वाया गेला की काय, ही त्यांची धास्ती. त्या प्रत्येकाला मिळालेले उत्तर एकच होते : हरकत नाही, राहिले ते आता करा. चुकलेल्या माणसावर तेथे कोणी ओरडले नाही. आज मात्र अशा प्रसंगी अर्धवट माहितीचे चार सहप्रवासी भोवती जमतात आणि त्या बिचाऱ्याला रडवेला करून सोडतात.

मीनातील विधी म्हणजे जमरात, सैतानाचे प्रतीक मानलेल्या तीन स्थानांवर खडे मारणे. हे खडे हरभऱ्याएवढे असावेत, असे सांगितलेले आहे. पैगंबरांनी तसे छोटे खडे तळहातावर घेऊन दाखविले आणि धर्मात अतिरेक करू नका, असा इशाराही त्याच वेळी दिला. तरीही काहीजण मोठे दगड भिरकावतात, चपला फेकतात, समोर खराच शत्रू उभा असल्यागत दातओठ खातात. तो दगड पुढच्या यात्रेकरूच्या डोक्याला लागतो. सैतानाला त्याने काय होते हे ठाऊक नाही, पण त्या माणसाच्या कपाळावर खोक पडते.

आणि याच खोऱ्याने फार मोठी दुःखे पाहिली आहेत. १९९० साली मीनाकडील पादचारी बोगद्यात चेंगराचेंगरी होऊन १,४२६ माणसे दगावली. १९९४ मध्ये जमरातपाशी २७०, २००४ मध्ये २५१, १२ जानेवारी २००६ रोजी साडेतीनशेच्या आसपास. २००६ ची ती वेळ परतीच्या दिवसाची दुपार होती. त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी मीना सोडले नाही तर आणखी एक मुक्काम पडतो, म्हणून अनेकजण बोचकी-पिशव्या घेऊनच खडे मारायला आले होते. कोणाची तरी बोचकी पायांत पडली, कोणी अडखळले, आणि मागचा लोंढा थांबला नाही. २४ सप्टेंबर २०१५ रोजी मीनाच्या रस्त्यावर दोन प्रवाह एकमेकांवर येऊन जी दुर्घटना घडली, ती या सर्वांहून भीषण. सौदी शासनाने ७६९ मृत्यू जाहीर केले. निरनिराळ्या देशांनी आपापल्या मृतांचे दिलेले आकडे एकत्र केले, तर बेरीज दोन हजारांच्या वर जाते.

अशा घटनेनंतर ‘लोकांनीच शिस्त पाळली नाही’ असे म्हणून मोकळे होणे हा मेलेल्यांवर अन्याय आहे. डर्क हेल्बिंग या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या गर्दीच्या चित्रफिती बारकाईने अभ्यासल्या. त्यांना असे दिसले की, दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की चालणे आधी थांबत-थांबत होऊ लागते आणि नंतर त्या गर्दीत पाण्यासारख्या लाटा उसळतात. एका चौरस मीटरात सहा-सात माणसे कोंबली गेली की कोणाचेच पाय स्वतःचे राहत नाहीत. माणूस उचलला जातो, वाहवला जातो. बहुतेकांचा जीव पायाखाली तुडवून नव्हे, छातीवर दाब येऊन, श्वास कोंडून जातो. मागच्याला पुढचे दिसत नाही. त्याला एवढेच वाटते की आपली रांग सरकत नाही, म्हणून तो किंचित पुढे रेलतो. तशा हजारो किंचित रेलण्यांचे वजन पुढच्यांच्या बरगड्यांवर येते. त्या क्षणी कोणी कितीही सभ्य असला तरी त्याला काही करता येत नाही.

म्हणून वाटा आखणाऱ्यांची जबाबदारी पहिली. २००४ नंतर जमरातच्या खांबांच्या जागी लांबरुंद भिंती आल्या, म्हणजे खडे मारायला जागा अधिक मिळावी. २००६ च्या दुर्घटनेनंतर जुना पूल पाडून बहुमजली नवा पूल बांधण्यात आला. जाण्याची वाट वेगळी आणि येण्याची वेगळी झाली, प्रत्येक देशाच्या गटांना वेळा वाटून दिल्या गेल्या. यात्रेकरूचे कर्तव्य उरते ते या वेळा पाळण्याचे. गर्दीत सापडल्यावर दाखवायची समजूत उशिरा आलेली असते. खरी समजूत तंबूतून बाहेर पडण्याआधी दाखवावी लागते. आपल्या गटाची वेळ रात्रीची असेल तर दुपारच्या मुहूर्ताचा हट्ट धरायचा नाही, सामान बरोबर न्यायचे नाही, उलट दिशेने शिरायचे नाही, पडलेली चप्पल उचलायला वाकायचे नाही आणि ज्याला चालवत नाही त्याचे खडे त्याच्या वतीने आपण मारायचे. अशी वकिली शास्त्राला मान्य आहे. थोरल्या भावाने धाकट्याचे, मुलाने आईचे खडे मारून यावे आणि आईने तंबूत बसून दुवा करावी, यात कमीपणा काही नाही. पण आईला ते पटवणे सोपे नसते. ‘एवढ्या लांब येऊन तेवढेच राहिले म्हणायचे का?’ हा तिचा प्रश्न असतो, आणि तिच्या तीस वर्षांच्या प्रतीक्षेपुढे मुलाचे शहाणपण क्षणभर लटके पडते.

गर्दीतला संयम सर्वांना दिसतो. तंबूतला दिसत नाही, आणि कदाचित तोच अधिक लागतो. मीना येथे एक लाखाहून अधिक पांढरे तंबू आहेत. एकेका तंबूत गाद्यांना गाद्या लागलेल्या. एकाला वातानुकूलन यंत्राचा वारा सोसत नाही, दुसऱ्याला त्यावाचून झोप नाही. एक घोरतो, एक रात्री दोनला मोठ्याने फोनवर गावाकडची चौकशी करतो. स्वच्छतागृहापुढे रांग, आणि रांगेत वजू करायला निघालेल्या, नमाजाची वेळ गाठायची घाई असलेल्या अस्वस्थ माणसांची चुळबुळ. मालेगावच्या माणसाला केरळच्या शेजाऱ्याची भाषा येत नाही, त्याला याची येत नाही. हातवारे आणि ‘हाजी’ एवढ्या एका शब्दावर पाच दिवस निभतात. या दिवसांत कळते की मोठ्या त्यागाला माणूस तयार असतो, पण गादी चार बोटे सरकवायला तयार नसतो. आणि उलटही दिसते. स्वतः पाय ओढत चालणारी बाई परक्या म्हातारीला हात धरून रांगेत आपल्या पुढे उभी करते. सगळे तंबू सारखेच दिसत असल्याने वाट चुकलेल्या वृद्धाला, त्याच्या मनगटावरची ओळखपट्टी वाचून, कोणी तरुण त्याच्या मुक्कामापर्यंत पोहोचवतो आणि परतताना स्वतःच वाट चुकतो.

आपल्या सोयीचा दुसऱ्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्यांनी १५ एप्रिल १९९७ आठवावा. त्या दिवशी मीनाच्या तंबूंना आग लागली. ती स्वयंपाकाच्या गॅसमुळे लागल्याचे सांगण्यात आले. जोराच्या वाऱ्याने हजारो तंबू जळाले आणि ३४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत भारतीय उपखंडातले यात्रेकरू पुष्कळ होते. घरच्यासारखा चहा हवा, गरम पोळी हवी, ही इच्छा वाईट नव्हती. त्यानंतर आग न धरणारे तंबू आले आणि तंबूत स्वयंपाक करण्यावर बंदी आली.

२०२४ चा हज भर उन्हाळ्यात आला. तापमान पन्नास अंशांच्या पुढे गेले. १,३०० हून अधिक यात्रेकरू त्या वर्षी दगावले आणि त्यांतले बहुसंख्य परवान्याविना आलेले होते, म्हणजे ज्यांना तंबू नव्हता, बस नव्हती, सावली नव्हती. त्यांच्यामागेही तीच न संपणारी प्रतीक्षा होती आणि तीच अधीरता. अशा उन्हात आपली छत्री अर्धी दुसऱ्याच्या डोक्यावर धरणारे, पाण्याची बाटली पुढच्याच्या मानेवर रिकामी करणारेही तेथे होते. ज्याला तवाफमध्ये पुढे जायला एक इंच मिळत नाही, त्यालाच भोवळ येऊन पडणाऱ्या अनोळखी माणसाभोवती हातांचे कडे करून उभे राहता येते, हेही त्याच गर्दीचे रूप आहे.

विधी संपतात. निरोपाचा तवाफ होतो. विमान मुंबईला उतरते, तेथून गाडी गावाकडे निघते. दोन दिवस घरात रीघ लागते. कहासुना माफ झालेले शेजारी येतात, अबोला सुटलेला तोही ओसरीवर येऊन बसतो. प्रत्येकाच्या हातावर खजूर आणि छोट्या पेल्यात झमझमचे पाणी. काबागृह कसे दिसते, ऊन किती होते, चालावे किती लागले, असे प्रश्न होतात. मग कोणीतरी हमखास विचारतो, ‘हाजीसाहेब, हजरे अस्वदचा बोसा मिळाला का?’ ओसरी गप्प होते. पुष्कळांना या प्रश्नाचे उत्तर देताना अडखळायला होते. एवढ्या लांब जाऊन आलो आणि नाही कसे म्हणायचे, असे वाटते. एखादा मात्र डोक्यावरची टोपी सारखी करीत सांगतो, ‘नाही बाबा. लांबूनच हात केला. पुढे एक म्हातारी बाई होती.’ आणि खजुराचे ताट विचारणाऱ्याकडे सरकवतो.